हत्तिणीला गोचीड ताप झालाय हे नक्की कसं ठरवायचं?

वाळवा तालुक्यातल्या एका तरुण पशुवैद्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मिरवणुकीसाठी बाहेरून आलेली चाळिशीची हत्तीण चार दिवसांपासून मलूल आहे, वैरण अर्ध्यावर आली आहे. कानामागे आणि जांघेत गोचिड्या सापडल्या. दुपारी तपासलं तेव्हा ताप 38.1 अंश सेल्सिअस होता. तालुक्याच्या लॅबचा रिपोर्ट असा: तांबड्या पेशी 29 लाख, त्यापुढे 'फार कमी' अशी खूण. हिमोग्लोबिन 11.8, पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशींनी व्यापलेला टक्का) 34. पांढऱ्या पेशी 16,400, त्यापुढे 'वाढलेल्या'. लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) 71 टक्के. खाली शेरा, 'अ‍ॅनाप्लाझ्मासारखे कण दिसतात' (हा गोचिडांतून पसरणारा, तांबड्या पेशीत राहणारा जंतू). हा गोचीड ताप धरून आजच ऑक्सिटेट्रासायक्लिन (जिवाणूंवरचं औषध) आणि डिमिनाझिन (रक्तातल्या परजीवींवरचं औषध) दोन्ही सुरू करावं का?

डॉक्टर, आधी रक्त काढा, औषधाचं नंतर बघू. तुमच्या रिपोर्टवरून या हत्तिणीला गोचिडांचा आजार आहे असं म्हणता येत नाही, आणि नाही असंही म्हणता येत नाही. ती आजारी आहे यावर मात्र माझा विश्वास आहे, कारण वैरण सोडलेला हत्ती उगाच वैरण सोडत नाही.

सातारा-सांगलीत आपण सगळे गाई-म्हशींवर तयार झालेले डॉक्टर. संकरित गाईचा गोचीड ताप आपण गोठ्याच्या दारातूनच ओळखतो. हत्ती मात्र आता आपल्या भागात क्वचितच हाताखाली येतो. औंधच्या यमाई देवस्थानचा गजराज 2017 मध्ये मथुरेला गेला, शेजारच्या नांदणी मठाची महादेवी 2025 मध्ये जामनगरला गेली. त्यामुळे निरोगी हत्तीचे आकडे तरुण डॉक्टरांच्या बोटांवर नसतात आणि लॅबच्या मशीनमध्ये गाईची मापं भरलेली असतात. तुमच्या रिपोर्टमधल्या सगळ्या खुणा त्या मापांतून आल्या आहेत.

आधी ताप. गाईचं नेहमीचं तापमान 38.5 अंश, म्हणून 38.1 बघून गाईचा डॉक्टर निवांत होतो. हत्तीचं नेहमीचं तापमान 36 ते 37 अंश असतं, त्या हिशोबात 38.1 हा ताप झाला. पण तुमचं मोजमाप दुपारचं आहे, आणि हत्ती दिवसभरात अंगात उष्णता साठवतो. डांबरी रस्त्यावरून चालवून आणलेल्या किंवा पत्र्याच्या मांडवात उभ्या केलेल्या हत्तीचं तापमान आजार नसताना वर गेलेलं दिसतं. म्हणून पहाटे, सूर्य वर यायच्या आत मोजा. गुदद्वारात थर्मामीटर घालायला ती देत नसेल तर ताजी लीद पडल्या पडल्या त्यातला मोठा गोळा फोडा, थर्मामीटर मध्यभागी खोल खुपसा आणि पाच मिनिटांच्या आत आकडा घ्या. तीन दिवस पहाटे आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी मोजून तक्ता करा. एका आकड्यापेक्षा या तक्त्यातून फार जास्त कळतं: ताप सतत आहे, की दोन दिवस चढून उतरतो आणि पुन्हा येतो. ताप असा येऊन-जाऊन असेल तर माझं मन पहिल्यांदा सर्र्‍याकडे जातं, त्याबद्दल पुढे लिहितो.

आता रक्त. हत्तीची तांबडी पेशी आकाराने फार मोठी असते, त्यामुळे तिची संख्या कमी असते. निरोगी आशियाई हत्तीत एका मायक्रोलिटरमागे साधारण 30 लाख पेशी दिसतात, गाईत 50 लाखांच्या वर. तुमच्या हत्तिणीच्या पीसीव्हीला दहाने गुणून दशलक्षातल्या पेशींच्या संख्येने भागा. 340 भागिले 2.9, म्हणजे एका पेशीचं आकारमान 117 फेम्टोलिटरच्या आसपास येतं. गाईत हा आकडा 40 ते 60 असतो, हत्तीत 117 नेहमीचाच. हिमोग्लोबिन 11.8 आणि पीसीव्ही 34 हेही निरोगी हत्तीत बसतात. तेव्हा निदान या दिवशी तरी हत्तिणीला पंडुरोग, म्हणजे रक्तक्षय, नाही. गोचिडांच्या परजीवींनी चार दिवस आजारी पाडलेल्या जनावरात मी हे आकडे घसरलेले बघायची अपेक्षा ठेवतो. म्हणून आजच्या आकड्यांपेक्षा परवाचे आकडे महत्त्वाचे. पीसीव्ही 34 वरून 27 वर आला तर चित्र पूर्ण बदलतं, 34 वरच राहिला तर दुसरीकडे शोधायचं.

पांढऱ्या पेशींचं तेच. 10 ते 20 हजार हत्तीत चालतात. आणि 71 टक्के लिम्फोसाइट या आकड्यावर विसंबू नका. हत्तीच्या मोनोसाइट पेशींचं केंद्रक बऱ्याचदा दोन-तीन पाकळ्यांचं असतं आणि अशा पेशी भरपूर असतात. मशीन त्यांना कुठल्याही खान्यात टाकतं, नवखा माणूसही फसतो. हाताने शंभर पेशी मोजा आणि या पाकळीदार मोनोसाइट वेगळ्या लिहा. हे काम लॅबवर सोडू नका, स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा.

मग उरतो तो शेरा, 'अ‍ॅनाप्लाझ्मासारखे कण'. पेशीच्या कडेला गडद जांभळा ठिपका दिसला की अ‍ॅनाप्लाझ्मा लिहायची आपल्याला सवय असते. पण रंगाचा गाळ पेशीवर बसला तरी असाच दिसतो. फोकसची कळ थोडी फिरवा: गाळाचा ठिपका चमकतो आणि पेशीच्या वरच्या पातळीवर येतो, खरा परजीवी पेशीच्याच पातळीवर राहतो. हॉवेल-जॉली कण, म्हणजे तांबड्या पेशीत उरलेला केंद्रकाचा तुकडा, हा दुसरा चकवा. ते पेशीत बहुधा एकच असतात, गोल, ठळक आणि थोडे मोठे. तिसरा चकवा प्लेटलेटचा: ती तांबड्या पेशीवर बसली की बाबेशिया (गोचिडांतून येणारा, तांबड्या पेशीतला परजीवी) वाटते, पण तिच्याभोवती फिकं वलय असतं आणि बाजूला मोकळ्या प्लेटलेटही दिसतात. दहा-पंधरा क्षेत्रं बघून सोडू नका, काचेवर पसरलेल्या रक्ताच्या पातळ टोकाकडची निदान शंभर क्षेत्रं बघा आणि हजार पेशींत किती बाधित हे लिहा. रिपोर्टवर नुसतं 'दिसतात' असेल तर उपचार करणाऱ्याला त्यातून काही ठरवता येत नाही.

समजा ते कण खरोखर अ‍ॅनाप्लाझ्मा निघाले, तरी निदान तिथे संपत नाही. ज्या भागात गोचिड आहेत तिथलं जनावर रक्तात थोडे परजीवी घेऊन वर्षानुवर्षं धडधाकट राहू शकतं. खिलार बैलात आपण हे रोज बघतो. हत्तीतही बाबेशिया, थायलेरिया, अ‍ॅनाप्लाझ्मा या तिन्ही गटांचे परजीवी आढळले आहेत, आणि त्यातले काही तब्येतीची काहीच तक्रार नसलेल्या हत्तींत. त्यामुळे 'गोचिडांचा आजार' असं कागदावर लिहायला मला तीन गोष्टी एकत्र लागतात: खात्रीने ओळखलेला परजीवी, उतरता पीसीव्ही किंवा कावीळ-लाल लघवी यासारखी रक्त फुटल्याची खूण, आणि ताप-मलूलपणाचं दुसरं कारण नाही याची शहानिशा. यातली एखादी बाजू अपुरी असेल तर मी 'संशयित' लिहितो आणि शोध चालू ठेवतो.

माहुताशी निवांत बोला. हत्तीण कुठून आली, गेल्या महिन्यात कुठे कुठे थांबली, रात्री कुठे बांधतात, शेजारी गुरांचा गोठा आहे का, नदीकाठी किंवा तळ्याकाठी चरली का, हे विचारा. ऊसतोडीच्या बैलांच्या तळाजवळ बांधलेल्या हत्तीवर गोचिड चढणं सोपं असतं, आणि गवताच्या भाऱ्यातूनही ते येतात. पहाटे हत्तिणीच्या कुशीला धूळ-लीद लागलेली असते का हेही विचारा. नसेल तर ती रात्री आडवी झालेली नाही, आणि हत्तीच्या दुखण्याची ही फार जुनी, भरवशाची खूण आहे. नखांच्या वरच्या कडेला ओल आहे का ते हात लावून बघा, कारण हत्तीला घाम तिथे येतो. कान हलवणं, अंगावर माती उडवणं, शेपटी मारणं थांबलंय का ते दुरून दहा मिनिटं उभं राहून बघा. तोंडाच्या आतला रंग, जीभ, डोळ्याच्या पापणीची आतली बाजू आणि योनीचा आतला भाग दिवसाउजेडी तपासा. कानावर आणि सोंडेवर जे गुलाबी चट्टे दिसतात ते वयाने रंग गेल्याचे असतात, त्यावरून फिकेपणा ठरवू नका.

गोचिड गोळा करताना ते गोचिडच आहेत ना, हे भिंगाखाली पक्कं करा. हत्तीवर त्याची स्वतःची ऊ असते, हिमॅटोमायझस. तिला सहा पाय आणि पुढे लांब सोंड असते. वाढलेल्या गोचिडाला आठ पाय. कानामागे, काखेत, जांघेत, शेपटीच्या बुडाशी, साखळीखालच्या घडीत आणि बोटांच्या मधल्या खाचेत शोधा. चिमट्याने तोंडाशी धरून सरळ ओढा, सत्तर टक्के अल्कोहोलच्या बाटलीत टाका आणि कुठल्या जागेवरून काढला ते लिहा. गोचिडात परजीवीचा डीएनए सापडला म्हणजे हत्तीला तो आजार झाला असं होत नाही. जे गोचिड आयुष्यात दोन-तीन जनावरांवर बसतात त्यांच्या पोटात आधीच्या गाईचं रक्त आणि त्यातले परजीवीही असू शकतात. आणखी एक: रोज अंघोळ आणि अंगावर माती असलेल्या हत्तीवर गोचिड फार टिकत नाहीत. एकाएकी खूप दिसले तर मी असंही विचारतो की तिने माती उडवणं आधी थांबवलं का. आजार आधीचा आणि गोचिड नंतरचे, असाही क्रम असतो.

रक्त पहाटेच काढा, माहुताच्या हुकमाखाली, त्याच्याच भाषेत. कानाच्या मागच्या बाजूची शीर कोमट पाण्याने शेकून अंगठ्याने दाबली की फुगते. शेजारीच धमनी धावते, ती बोटाला ठोके देते, ती सोडून द्या. फुलपाखरू सुई बरी, हत्तीने कान हलवला तरी ती निसटत नाही. दोन ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) नळ्या खुणेपर्यंत भरा आणि आठ-दहा वेळा हळू उलट्यापालट्या करा. एक साधी नळी सीरमसाठी. पीसीआरसाठी (परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी) हेपरिनची नळी नको, ते त्या चाचणीत अडथळा आणतं. कानाच्या टोकाला टोचून आलेल्या पहिल्या थेंबाचे चार-पाच स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) वेगळे करा, कारण काही बाबेशिया बारीक केशवाहिन्यांत अडकून राहतात आणि मोठ्या शिरेच्या रक्तात कमी दिसतात. स्मिअर लगेच वाळवा, पाटण-कोयनेकडच्या पावसाळी हवेत तर हाताने वारा घालून वाळवा, आणि त्याच दिवशी मिथेनॉलमध्ये बुडवून पक्के करा. उशीर झाला तर जिम्सा रंगात सगळी काच निळी उठते. माश्या स्मिअर चाटतात, म्हणून झाकण असलेला डबा न्या. नळ्या बर्फाला थेट टेकवू नका.

आणि ही पुढची गोष्ट जागेवरच करा. ताज्या रक्ताचा एक थेंब काचेवर, वर कव्हरस्लिप, आणि तासाभरात सूक्ष्मदर्शकाखाली. तांबड्या पेशींमध्ये काही वळवळून त्यांना ढकलत असेल तर तो ट्रिपॅनोसोमा, म्हणजे सर्रा. ग्रिफिथ इव्हान्स यांनी 1880 मध्ये घोड्या-उंटांच्या रक्तात हा परजीवी दाखवला, आणि हत्तीलाही तो होतो. तो गोचिडांनी पसरत नाही, घोडमाश्यांनी पसरतो. पण लक्षणं इतकी जवळची आहेत की दोन्ही एकदमच तपासायला हवेत: येऊन-जाऊन ताप, खालावत जाणारं अंग, पोटाखाली आणि गळ्याखाली सूज. रक्तात तो दररोज दिसत नाही. म्हणून ताप चढलेल्या वेळी, ओळीने तीन दिवस बघा. पीसीव्हीच्या नळीत पांढऱ्या पेशींच्या थराजवळ बघितलं तर सापडण्याची शक्यता वाढते.

डिमिनाझिन आज देऊ नका असं मी म्हणतो ते यासाठी. ते बाबेशियावरही चालतं आणि ट्रिपॅनोसोमावरही. आधी टोचलं आणि ताप उतरला, तर हत्तिणीला काय झालं होतं हे नंतर कुणालाही सांगता येणार नाही. ऑक्सिटेट्रासायक्लिनने अ‍ॅनाप्लाझ्मा स्मिअरमधून दिसेनासा होतो, आणि तितकेच कितीतरी साधे जिवाणूजन्य तापही उतरतात. औषध लागू पडलं याचा पुरावा म्हणून उपयोग फार थोडा. शिवाय तीन-चार टनांच्या जनावराला गाईचा किलोमागचा डोस सरळ गुणून देणं धोक्याचं आहे. डिमिनाझिनची सुरक्षिततेची मर्यादा सगळ्या जनावरांत सारखी नसते, उंटात तर ते फार सहज विषारी ठरतं. छातीच्या घेरावरून वजन काढा आणि डोस हत्तींवर नेहमी काम करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. मण्णुती आणि पुकोडे इथल्या केरळच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातली माणसं या बाबतीत फार अनुभवी आहेत.

आता तुमच्या प्रश्नात नसलेला, पण मला सगळ्यात आधी वगळावासा वाटणारा आजार: यकृतातली पर्णकृमी. हत्तीला त्याची स्वतःची जात होते, फॅसिओला जॅक्सोनाय. फिकेपणा, कावीळ, पोटाखाली पाणी, मलूलपणा, सगळं गोचिडांच्या आजारासारखंच. लीद पाण्यात कालवून, गाळून, तळाला बसू द्या आणि तळाचा थेंब बघा, मोठी पिवळट, टोपी असलेली अंडी दिसतात. दहा रुपयांचंही सामान लागत नाही, आणि तरी ही तपासणी बहुतेक वेळा राहून जाते. लघवी लाल वाटली तर ती नळीत फिरवा: तळाला लाल गाळ बसून वर स्वच्छ झाली तर रक्तस्राव, वरचं पाणी लालच राहिलं तर हिमोग्लोबिन, आणि तेव्हा बाबेशियासोबत लेप्टोस्पायरा हा जिवाणूही विचारात घ्या. हत्तीची लघवी कॅल्शियम कार्बोनेटमुळे मुळातच गढूळ असते, त्याला घाबरू नका. महिनोन्महिने वजन घटत असेल तर क्षयरोगाची तपासणी वेगळी. लहान वयाच्या हत्तीत जीभ निळी आणि डोकं सुजलेलं दिसलं तर हर्पिस विषाणूचा विचार तासाभराच्या आत करायचा, पण तुमची हत्तीण त्या वयाची नाही. आणि कुठलाही हत्ती अचानक मेला, नाका-तोंडातून न गोठणारं रक्त आलं, तर शव उघडायचं नाही. आधी फाशी म्हणजे अँथ्रॅक्स वगळायचा.

पीसीआरसाठी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाशी किंवा पुण्यातल्या औंधच्या रोग निदान प्रयोगशाळेशी आधी फोनवर बोलून घ्या, नमुना कोणत्या नळीत आणि कोणत्या दिवशी हवा ते विचारा. गाईच्या ठरावीक जातीच्या परजीवीसाठीचा प्राइमर (चाचणीत डीएनएचा ठरावीक भाग पकडणारा तुकडा) हत्तीच्या परजीवीवर लागेलच असं नाही. म्हणून बाबेशिया-थायलेरियाच्या पूर्ण गटाला पकडणारा 18 एस प्राइमर लावा आणि पॉझिटिव्ह आलं तर सिक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचणं) करा, अशी विनंती करा. नुसत्या आकारावरून हत्तीतल्या बाबेशियाची जात लिहू नका. गाईसाठीचं अँटिबॉडी किट तर वापरूच नका. त्यातला रंग देणारा घटक गाईच्या अँटिबॉडीला चिकटायला बनवलेला असतो, हत्तीच्या नमुन्यात तो खोटा निगेटिव्ह देऊ शकतो. गाईत थायलेरियासाठी आपण खांद्यापुढच्या गाठीत सुई घालून बघतो, तीही सोय इथे नाही, कारण त्या जाड कातडीखाली गाठ हाताला लागत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर उद्या पहाटे वरचे सगळे नमुने घेऊन हत्तिणीला मिरवणुकीतून पूर्ण विश्रांती दिली असती, सावली, भरपूर पाणी, उसाच्या वाड्यांऐवजी वडा-पिंपळाचा पाला. त्या सकाळी ताप 38 च्या वर, पीसीव्ही उतरलेला आणि काचेवर खात्रीचे परजीवी असतील तर पीसीआरची वाट न बघता त्या परजीवीला लागू असलेलं एकच औषध सुरू केलं असतं. पीसीव्ही स्थिर आणि ओला थेंब स्वच्छ असेल तर एक दिवस थांबून पुन्हा रक्त घेतलं असतं. हत्ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा आजाराची लेखी खबर वन विभागाला आजच द्या.

गोचिड घालवायला डिझेल किंवा रॉकेल चोळू देऊ नका, कातडी भाजते. अमिट्राझने घोड्याचं आतडं थंडावतं, आणि हत्तीही घोड्यासारखाच मागच्या आतड्यात चारा आंबवणारा, म्हणून मी ते हत्तीवर वापरत नाही. हाताने वेचणं, घासून अंघोळ आणि बांधायची जागा बदलणं यानेच निम्मं काम होतं. वेचताना हातमोजे घाला आणि गोचिड नखाने चिरडू नका. क्रायमियन-काँगो ताप 2011 मध्ये गुजरातेत सापडला आहे, माकडतापाची साथ 2016 मध्ये सिंधुदुर्गात आली होती, आणि दोन्ही गोचिडांमार्फत माणसाला होतात. माहुताला ताप आला तर त्याने डॉक्टरांना गोचिडांबद्दल आपणहून सांगावं, हे त्याला आजच बजावा.

उपचार दिले तर सातव्या आणि एकविसाव्या दिवशी पुन्हा स्मिअर आणि पीसीव्ही. तोवर हत्तीण दुसऱ्या जिल्ह्यात असेल. म्हणून तापाचा तक्ता, सगळे आकडे आणि रंगवलेल्या दोन काचा तिच्या मायक्रोचिपचा नंबर घालून मालकीच्या कागदांसोबत माहुताकडे द्या. बरी झाल्यावर महिन्याभराने काढलेल्या रक्ताचे आकडेही त्यातच लिहून घ्यायला सांगा. पुढच्या आजारपणात त्या डॉक्टरांना तिचं निरोगी माप तिथेच मिळेल.